हिरवं सूप आणि पाच चामखिळी

२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंस,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. तुझा पत्ता मावशीकडून घेतला. तिनं कारण विचारलं, मी सांगितलं नाही, त्यामुळे एव्हाना सगळ्या नातेवाइकांत चर्चा सुरू झाली असेल.

काम असं आहे. माझ्या आहारवर्गातल्या एका विद्यार्थिनीला चामखीळ झाली आहे. उजव्या अंगठ्याला, नखाच्या अगदी कडेला. आधी तिला वाटलं, रोज सुरी धरून घट्टा पडला असेल. मग शेजारच्या बोटावर दुसरी आली. बाई पन्नाशीची, प्रकृतीनं ठणठणीत, खाण्यापिण्यात कमालीची काटेकोर. हे मुद्दाम लिहिते. साखर बंद, मैदा बंद, बटाट्याला घरात प्रवेश नाही, रोज दोन वाट्या हिरवं सूप. तरीही.

या 'तरीही'चं काय करायचं ते सांग. लावायला काही मलम असेल तर नाव लिहून पाठव, बास.

आहाराबद्दल तुझं मत विचारत नाहीये. ते मला ठाऊक आहे. माझ्या वर्गाच्या वर्धापनदिनाला, मी आयुष्यात पहिल्यांदा माईकवर बोलत असताना, तू चाळीस माणसांत उभी राहून ते सांगितलंस. "माझी बहीण जे सांगतेय त्याला काहीही आधार नाही. चामखीळ खाण्यानं येत नाही आणि खाण्यानं जात नाही." शब्द न् शब्द पाठ आहे. त्यावर मी तुला काय म्हणाले तेही पाठ आहे. ते पुन्हा लिहीत नाही.

उत्तर लवकर पाठव. विद्यार्थिनी घाईत आहे.

आहारवर्गाची संचालिका
(आणि तुझी बहीण)


१६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

चिठ्ठी मिळाली. तिला पत्र म्हणवत नाही. सहा वर्षांनंतर तीन वाक्यं! "पाहिल्याशिवाय औषध सांगत नाही. चामखीळ विषाणूमुळे होते, बटाट्यामुळे नाही. तुझी विद्यार्थिनी अजून नखांच्या कडेची कातडी कुरतडते का?"

हो, कुरतडते. विचारात असली की कुरतडते. पण 'अजून' कशाला लिहिलंस ते कळलं नाही.

तिला तुझ्याकडे येणं जमणार नाही. वर्ग बुधवारी आणि शनिवारी असतो, तो बुडवता येत नाही. तिलाही येत नाही.

वर्गात काय चाललंय ते सांगते, कारण ऐकून तू हसशील आणि मी समोर नसल्यामुळे मला ते दिसणार नाही. गेल्या बुधवारी मी पातळ रबरी हातमोजे घालून वर्गात गेले. वाचनालयाच्या वरचा हॉल तोच आहे, ओटा तोच, माणसं मात्र बरीचशी नवी. त्यातले एक टपालकाका. निवृत्त पोस्टमन, बायकोनं वजन कमी करायला धाडलेले, बारा जणांत एकटे पुरुष.

"ताई, आज कुणाचं ऑपरेशन?" त्यांनी विचारलं.

"स्वच्छता आहे ती," मी म्हटलं.

"म्हणजे आमचे हात घाणेरडे?" हे मोठ्या बाईंनी. त्या मुख्याध्यापिका होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या, पण प्रश्न विचारण्यातून झाल्या नाहीत.

शनिवारी खोकंभर हातमोजे घेऊन गेले आणि सगळ्यांसाठी नवा नियम जाहीर केला. बारा माणसं हातमोजे घालून कोबी चिरायला बसली. दर दोन मिनिटांनी एक गड्डा हातातून सटकायचा आणि जमिनीवर गडगडत जायचा. टपालकाकांच्या पंजात मोजा अर्धाच गेला. बोटांची टोकं फुग्यासारखी लोंबत ठेवून त्यांनी गाजरं किसली, आणि गाजरांबरोबर दोन टोकंही किसली. अख्खं पातेलं टाकून द्यावं लागलं. खालच्या ग्रंथपालबाई चावी मागायला वर आल्या, आम्हाला पाहिलं, आणि चावी न मागताच खाली गेल्या.

हसलीस ना? हस.

विद्यार्थिनीच्या आता चार झाल्या आहेत. फोटो पाठवला तर चालेल का?

तुझी बहीण


९ मार्च

धाकटे,

फोटो पाहून तू काही बोलली नाहीस याबद्दल आभार मानते. डाव्या करंगळीवरचा व्रण झाकायला मी विसरले. ते दार तूच आपटलं होतंस, चार वर्षांची असताना, तेव्हा हात कुणाचा ते तुला सांगायला नको. तर हो. विद्यार्थिनी मीच. आणि आता एकूण पाच.

तुझं आठ पानी पत्र तीनदा वाचलं. सगळं सांगितल्याबरहुकूम चालू आहे. रोज संध्याकाळी बोटं कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवते, मेलेली कातडी कानशीनं हलकेच घासते, तू लिहिलेलं सॅलिसिलिक ॲसिड फक्त चामखिळीवर लावते, वर पट्टी चिकटवते. कानस आणि टॉवेल दुसऱ्या कुणाला नाही. कुरतडणं बंद. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. परवा अंगठा तोंडात गेला आणि तुझ्या औषधाची चव कळली. पुन्हा जाणार नाही.

बारा आठवडे म्हणतेस तर बारा आठवडे. आता भांडूया.

तू लिहितेस की नीट खाणं सगळ्या शरीराला चांगलंच, आणि ज्याची उपासमार होते त्याचं शरीर कुठल्याच विषाणूशी धड लढू शकत नाही. पण नीट खाणाऱ्या माणसानं वरून आणखी पालक खाल्ला म्हणून चामखीळ जाते, असं कुणी दाखवलेलं नाही. जस्ताच्या गोळ्यांवर काही छोटे अभ्यास झालेत म्हणतेस, त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. आणि बऱ्याच चामखिळी वर्ष-दोन वर्षांत आपल्या आपण जातात. त्या वेळी माणूस जे काही करत असतो त्याला श्रेय मिळतं, असं तुझं म्हणणं.

बरं. मग शिवणकाकूंचं काय? आमच्या वर्गातल्या या बाईंचं शिलाईचं दुकान आहे. त्यांच्या बोटांवर सहा चामखिळी होत्या. रेशमी कापड हातात घेतलं की धागे अडकायचे, गिऱ्हाइकाचं कापड खराब व्हायचं. रडकुंडीला आल्या होत्या बिचाऱ्या. मी त्यांना हिरव्या सुपावर ठेवलं. वर्गाच्या दिवशी भरून डबे द्यायचे, तीन-चार दिवस पुरतील एवढे. तीन महिन्यांत सहाच्या सहा गेल्या! नोंदवही आहे माझ्याकडे, रोजची, त्यांच्याच अक्षरातली. 'आज लसूण जास्त होता.' 'आज पालक कडवट लागला.' याला आधार म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात?

माझं पुस्तक येतंय, 'हिरवं ताट' नावाचं. छापखान्यात जुळणी सुरू आहे. सहावं प्रकरण चामखिळीचं आहे, आणि ते शिवणकाकूंवर उभं आहे.

आणि तुझ्यावर. ते तुला कधी सांगितलं नव्हतं. तू नऊ वर्षांची होतीस, मी पंधरा. आई दिवसभर दुकानात काउंटरला. तुझ्या गुडघ्यावर सात होत्या, मी मोजल्या होत्या. शाळेत तुला बेडकी म्हणायचे आणि तू उन्हाळ्यातही गुडघ्यापर्यंत मोजे घालून जायचीस. मी कुठल्याशा मासिकात वाचून पालकाचं सूप करायला लागले. दोन महिन्यांत तुझे गुडघे स्वच्छ. आई येईल-जाईल त्याला सांगायची, "थोरलीनं घालवल्या." तिनं माझं असं कौतुक त्याआधी केलं नव्हतं, त्यानंतरही फारसं केलं नाही.

तर तू त्या दिवशी चाळीस लोकांत उभी राहून नेमकं काय खोडून काढलंस, ते तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

ताई


६ एप्रिल

धाकटे,

बस. हातात काही असेल तर खाली ठेव.

आज शनिवार. पुस्तकासाठी फोटो काढायचे होते. शिवणकाकूंचे आधीचे हात माझ्याकडे फोटोत होतेच, आता 'नंतरचे' हात हवे होते. फोटोग्राफरनं खिडकीजवळ टेबल मांडलं, त्यावर निळं कापड पसरलं, काकूंनी बोटं पसरून हात ठेवले. अगदी गुळगुळीत. मी कौतुकानं बघत होते.

"काकू, एवढी ताणू नका बोटं, कुणी दरडावतंय असं वाटतं," फोटोग्राफर म्हणाला.

काकूंचा चेहरा खरंच तसा होता. मला वाटलं, कॅमेऱ्याची भीती.

तेवढ्यात दारातून एक सडपातळ गृहस्थ आत आले. "ही चष्मा विसरली," म्हणाले. कुणी ओळखेना. मग ते हसले आणि मी ओळखलं. काकूंचे यजमान! शहरात बस चालवतात. मागे पाहिलं तेव्हा त्यांचं पोट स्टिअरिंगला टेकायचं. आता पट्ट्याला नवी भोकं पाडून घेतलेली, आणि उरलेला पट्टा शेपटीसारखा लोंबतोय.

"अहो, काय हे? आजारी होतात का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"आजारी कशाला? यांच्या सुपाची कृपा." त्यांनी मला हात जोडले. "तीन महिने रोज दुपारी डेपोत बसून तेच. पहिले आठ दिवस जीव नकोसा झाला होता. पण ही म्हणाली, ताईंनी खास तुमच्यासाठी दिलंय, टाकायचं नाही. मग झाली सवय. अकरा किलो उतरलो!"

"खास तुमच्यासाठी?" मी म्हटलं.

काकूंनी टेबलावरचे हात उचलले आणि तोंड झाकून घेतलं.

"काकू, हात हलवू नका ना," फोटोग्राफर म्हणाला.

"मला त्याचा वासच सहन व्हायचा नाही हो ताई," काकू हातांच्या आतून बोलल्या. "पण टाकवेनाही. तुम्ही एवढं जीव लावून करून देत होता."

"आणि नोंदवही? लसूण जास्त, पालक कडवट?"

"ते हे घरी येऊन सांगायचे. मी लिहायची. त्यात एक अक्षर खोटं नाही."

"मग तुम्ही काय खात होता?"

उत्तर ड्रायव्हरकाकांनीच दिलं. "तळलेले बटाटे. डेपोशेजारी गरम मिळतात. मला तर बंद होते, म्हटलं हिला तरी नेऊ. रोज न्यायचो." आणि बायकोकडे इतक्या प्रेमानं पाहिलं की मला रागावताही येईना.

इथवर मी उभी होते. मग त्यांनी उजवा हात पुढे केला. "एक विचारू का ताई? माझ्या अंगठ्यावर हिच्यासारखीच एक आहे. हिच्या गेल्या, माझं पोट गेलं, ही मात्र तशीच. सूप वाढवू का?"

पहिल्यांदा टपालकाका हसले. मग कुणीतरी पातेल्यावर डाव आपटला. फोटोग्राफरला काहीच कळलं नव्हतं, तोही हसत होता. ज्यानं तीन महिने सूप प्यायलं त्याची चामखीळ जागच्या जागी. जिनं तीन महिने तळलेले बटाटे खाल्ले तिचे हात लोण्यासारखे. तुझ्यासारख्या दहा डॉक्टरांनी मिळून प्रयोग आखला असता तरी इतका स्वच्छ झाला नसता.

मी जिन्यात जाऊन बसले आणि इतकी हसले, इतकी हसले, की ग्रंथपालबाई पाणी घेऊन आल्या. घरी येईपर्यंत हसू पुरलं. मग संपलं.

ताई


९ एप्रिल

धाकटे,

शनिवारच्या पत्राचं उत्तर यायच्या आत हे लिहितेय, कारण छापखानेवाले विचारतायत की सहाव्या प्रकरणाचे फोटो कधी देता. मी म्हटलं, फोटोग्राफरकडून यायचेत. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही.

कॅमेऱ्यात मी पाहिले, फोटो चांगले आले आहेत. कुणालाही काही कळणार नाही. वर्गातल्या बारा जणांना कळलंय, पण ते हसून विसरतील. प्रकरण तसंच छापलं तर मला कुणी अडवणार नाही.

गेल्या दहा वर्षांत किती जणांना मी सूप प्यायला लावलं असेल? दीडशे? दोनशे? काहींच्या गेल्या. कोण प्यालं आणि कुणाच्या नवऱ्यानं प्यायलं, आता कसं कळणार? आणि ज्यांच्या गेल्या नाहीत त्यांना मी सांगायची, "पथ्य कुठंतरी चुकलं असणार." मान खाली घालून जायची माणसं. हे आठवलं की बोटं तोंडाकडे जातात.

माझ्याजवळ आता एकच दाखला उरला आहे. तुझे गुडघे. म्हणून विचारते, आणि मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस, खरं लिही. तू तरी ते सूप प्यायचीस का? की बेसिनमध्ये ओतायचीस?

उत्तर येईपर्यंत छापखान्याचा फोन मी उचलत नाही.

ताई


२१ एप्रिल

खारू,

लहानपणी गालात शेंगदाणे साठवायचीस म्हणून ठेवलेलं नाव इतक्या वर्षांनी लिहिलं, रागावू नकोस. आता तू मोठी डॉक्टर आहेस, पेशंटला दाखवू नकोस म्हणजे झालं.

तुझं पत्र पाठ झालं आहे. "प्यायचे. प्रत्येक वाटी. भयंकर असायचं. चामखिळी आपल्या आपण गेल्या, सुपाचा काही संबंध नव्हता. पण तू शाळेतून येऊन पाठीवरचं दप्तर न उतरवता ते करायला उभी राहायचीस, म्हणून प्यायचे."

एवढं वाचून पत्र मिठाच्या बरणीखाली ठेवलं, बाहेर एक चक्कर मारून आले, आणि पुन्हा वाचलं. गंमत बघ. माझा शेवटचा दाखला तू काढून घेतलास आणि मी शीळ घालत स्वयंपाक केला.

काल वर्गात सांगितलं. सुरुवात नीट करायची म्हणून चार वाक्यं लिहून नेली होती, पण कागद सापडेना. मग सरळ हातमोजे काढले आणि पट्ट्यांसकट दोन्ही हात वर धरले.

"माझ्या स्वतःच्या पाच आहेत," मी म्हटलं. "जानेवारीपासून. सूप रोज पिते. चामखीळ सुपानं जाते हे मी तुम्हाला दहा वर्षं सांगत आले, ते मला माहीत नव्हतं, फक्त वाटत होतं. माझ्या बहिणीनं याच हॉलमध्ये उभं राहून सांगितलं होतं, तेव्हा मी तिला हाकलून दिलं. तिचं बरोबर होतं."

मोठ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे हे हातमोजे यासाठी?"

"हो."

"म्हणजे दोन महिने आम्ही त्या कोबीमागे धावतोय ते..."

"हो."

दोघी जणी उठल्या आणि पर्स उचलून गेल्या. त्यातल्या एकीनं मुलाला वर्षभर बटाटा दिला नव्हता. तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले, माफी मागितली. ती म्हणाली, "आज तळून देते त्याला." रागानं म्हणाली, पण म्हणाली.

परत आले तर टपालकाका हात वर करून बसलेले, शाळेतल्यासारखे. "ताई, मीही एक सांगू का? घरी नेलेलं सूप मी कुंडीला घालतो. झाड काय फोफावलंय!"

मग काय, धरणच फुटलं. एकीच्या मांजरानं ते हुंगून पाठ फिरवली होती. एकीनं खरंच प्यायलं होतं, मनापासून, आणि तिला ते आवडतं. तिच्याकडे सगळ्यांनी संशयानं पाहिलं. शेवटी मोठ्या बाईंनी घसा साफ केला. "आता निघालंच आहे तर ऐका. बुधवारी वर्ग सुटला की आम्ही सगळ्या कोपऱ्यावरच्या दुकानात केक खातो. दोन वर्षं झाली."

"आणि मला एकदाही बोलावलं नाही?"

"तुम्ही खाल्ला असतात का?"

काल खाल्ला. दोन तुकडे. टपालकाका माझ्या शेजारी बसले होते, म्हणाले, "ताई, पथ्य कुठं चुकलं तर सांगा." दुकानभर हसणं. वर्ग बंद करावा का, असं मी विचारलं, तर मोठ्या बाईंनी काटा माझ्यावर रोखला. "का म्हणून? चामखिळी नसल्या तरी माणसाला जेवायला लागतंच. तुमचं वांग्याचं भरीत आणि ती डाळ शिकायला येतो आम्ही. औषध म्हणून नका शिकवू, जेवण म्हणून शिकवा."

छापखान्याचा फोन आज उचलला. सहावं प्रकरण काढा म्हटल्यावर पाच मिनिटं ओरडले. आठ पानं कोरी पडतात, पुढचे सगळे आकडे बदलतात, पुस्तक म्हणजे काय भाजीची पिशवी आहे का, एक जुडी काढली आणि बाकीचं नेलं. शेवटी म्हणाले, २० मेपर्यंत थांबतो, आठ पानं भरून द्या.

ती आठ पानं तू लिही. खाण्यानं त्वचेचं काय होतं, काय होत नाही, आणि चामखीळ झाली तर काय करायचं. तुझ्या भाषेत नको, माणसांच्या भाषेत. ते मी बघेन. टपालानं पाठवू नकोस. इथं येऊन लिही. सहा वर्षांपूर्वी मी जे म्हणाले ते मागे घेते. लेखी.

तुझी ताई


१५ मे, दुपार

खारू,

तू आतल्या खोलीत झोपली आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय. मधे एक भिंत आहे, आणि तीतून तुझं घोरणं ऐकू येतंय. शहाणी माणसं असं करत नाहीत.

तीन दिवसांत आठ पानं झाली. खरं तर अकरा झाली होती, तीन मी कापली. 'विषाणूजन्य' शब्दावरून काल सकाळी आपण तासभर भांडलो, शेजारीण दार उघडून बघून गेली. किती छान भांडलो गं. इतकं मोकळं भांडण मी सहा वर्षांत कुणाशी केलं नाही. बाकी कुणाला जमतच नाही.

भिंग घेऊन तू माझी बोटं तपासलीस. चार गेल्या, अंगठ्याची पहिली अजून हटून आहे, पण निम्मी झालीय. मी म्हटलं, "बघ, तुझ्या औषधानं गेल्या." तू म्हणालीस, "असेल. पट्टी-औषधानं जायची शक्यता वाढते एवढं नक्की. पण तुझ्या या चार आपल्या आपण गेल्या नाहीत, असं मी छातीठोक सांगू शकत नाही." स्वतःच्या औषधालाही तू पुरतं श्रेय देईनास! तेव्हा मला कळलं, त्या दिवशी तू माझ्याविरुद्ध उभी राहिली नव्हतीस. तू कुणाहीपुढे तशीच उभी राहिली असतीस. ड्रायव्हरकाकांना मात्र तू फारच आवडलीस. अंगठा दाखवायला आले आणि तासभर बसले.

आता मुद्दा. तीन दिवस सांगू सांगू म्हणतेय आणि दर वेळी भाजी चिरायला उठतेय.

त्या दिवशी मी तुला म्हणाले, "चालती हो, आणि माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस." तू जिना उतरून गेलीस. मी नंतर सगळ्यांना सांगत आले, मावशीलासुद्धा, की ती तडक निघून गेली, मागं वळूनही पाहिलं नाही. तू तडक गेली नाहीस. समोरच्या बसथांब्यावर उभी होतीस. तुझी बस आली, तू चढली नाहीस. दुसरी आली, तीही सोडलीस. मी हॉलच्या खिडकीतून बघत होते. तू वर बघत होतीस. मी खाली येईन म्हणून थांबली होतीस, एवढं न कळायला मी काही मूर्ख नव्हते. वीस पायऱ्या होत्या. मी एक पातेलं घासायला घेतलं. तुझी तिसरी बस येईपर्यंत ते एकच पातेलं घासत होते. मग पाहिलं तर थांबा रिकामा.

चामखिळीचं काय, कुणीही चुकतं. वाचलं ते खरं मानलं, आईनं कौतुक केलं, मला ते सोडवेना. ती चूक मी वर्गापुढे कबूल केली आणि वर केकही खाल्ला. पण ते पातेलं ही चूक नव्हती. मला सगळं कळत होतं आणि मी खाली आले नाही. त्याचं कारण शोधायला गेलं तर सापडतं, पण ते द्यावंसं वाटत नाही.

हे लिहून तुझ्या बॅगेत टाकायचं, म्हणजे तू गाडीत वाचशील आणि मला तुझा चेहरा बघावा लागणार नाही, असा बेत होता. हाही पातेलं घासण्याचाच प्रकार आहे, हे आत्ता लिहिताना कळतंय.

घोरणं थांबलं. कॉट करकरली. बेसिनचा नळ सुटलाय, तू चूळ भरतेयस. "ताई, काय खरडतेयस इतकं?" अशी हाक आली.

पत्र इथंच सोडते. आत येते आणि तुझ्या तोंडावर सांगते.